मंदाग्नी रसिक मंडळ, काचीगुडा

ज्या देशात नळाला चोवीस तास पाणी असतं, बस वेळेवर येते आणि कचेरीतला माणूस खुर्चीत सापडतो, त्या देशातल्या जनतेला दुःख स्वतः तयार करून घ्यावं लागतं. डेन्मार्कने हे काम मनावर घेतलं आणि टीव्हीसाठी खुनाच्या मालिका काढल्या. आपल्याकडे दुःख आयतं मिळत असल्यामुळे ही कला मागे पडली, असं काचीगुड्याच्या मुकुंदरावांचं ठाम मत होतं.

मुकुंदरावांनी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली होती. तीन दिवसांत निकाली निघालेली फाइल मुळात महत्त्वाची नव्हतीच, हा त्यांचा सेवाकाळातला मुख्य निष्कर्ष. निवृत्तीनंतर ते तेलुगू वाहिन्यांवर गुन्ह्यांचे कार्यक्रम बघत. तिथे खून, तपास, पश्चात्ताप आणि शिक्षा हे सगळं दोन जाहिरातींच्या मध्ये उरकत असे. असला घाईचा कारभार बघून त्यांना त्या अधिकाऱ्यांच्या बढतीची काळजी वाटे.

मग एका रविवारी मुलगा रितेश आणि सून पल्लवी कुकटपल्लीहून जेवायला आले. पल्लवी पुण्याची. (त्यामुळे चांगलं काय ते तिला जन्मापासून माहीत होतं.) तिने सासऱ्यांना एक डॅनिश मालिका लावून दिली. पडद्यावर एका पुलावरून एक गाडी निघाली. सहा मिनिटं झाली तरी ती पुलावरच होती. मुकुंदरावांनी रिमोट तळहातावर दोनदा आपटला.

"अडकलंय बहुतेक."

"नाही बाबा, हे असंच आहे. स्लो बर्न म्हणतात."

"म्हणजे काय होतं त्यात?"

"काही होत नाही. वातावरण असतं."

मुकुंदरावांचे डोळे भरून आले. चौतीस वर्षं ते ज्या वातावरणात बसले होते, त्याला कुणीतरी पार्श्वसंगीत दिलं होतं. 'स्लो बर्न'ला त्यांनी तिथल्या तिथे 'मंदाग्नी' असा मराठी शब्द दिला. (आयुर्वेदात हा पोटाचा विकार आहे, पण आयुर्वेदाला मालिकांमधलं काय कळतं?)

महिन्याभरात मंदाग्नी रसिक मंडळाची रीतसर स्थापना झाली. अध्यक्ष मुकुंदराव. सदस्य दोन : खालच्या मजल्यावरचे नामदेवराव, ज्यांचं हार्डवेअरचं दुकान आता मुलगा बघतो, आणि एकनाथराव, ज्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे या मालिकांमध्ये त्यांचं काहीच बुडत नसे. बैठक रोज दुपारी तीन ते सहा. काचीगुड्यात उन्हाळ्याच्या दुपारी नोव्हेंबरातलं कोपनहेगन उभं करणं सोपं नाही, पण जाड पडदे आणि सतरावर लावलेला ए.सी. यांनी ते साधलं. अध्यक्ष स्वतः लोकरीचा ओव्हरकोट घालून बसत, कारण मालिकेतल्या तपास अधिकाऱ्याने आठ भागांत कोट काढलेला नव्हता. शेजारच्या स्टेशनवरची 'यात्रीगण कृपया ध्यान दें' ही घोषणा मात्र काही केल्या आवरेना. एकदा तर ऐन चाळीस सेकंदांच्या शांततेत ती इतकी बरोबर बसली, की एकनाथरावांना खुनी विजयवाड्याकडे पळाला असं वाटलं.

नियम चार होते. मालिका चालू असताना कुणी बोलू नये. मालिकेतले लोक गप्प असतील तेव्हा तर मुळीच नाही. मिरची भजी वर्ज्य, कारण खाताना आवाज होतो आणि मन प्रसन्न होतं. चहाऐवजी बिनसाखरेची काळी कॉफी घ्यावी आणि ती थंड होऊ द्यावी. (पिणं ऐच्छिक.) आणि चौथा, सर्वांत कडक : कुणाला खरी गोष्ट कळली असल्यास ती त्याने स्वतःजवळ ठेवावी.

अध्यक्षांनी मोजमापही केलं होतं. त्यांच्या नोंदीनुसार सरासरी एका भागात गाडी चालवणं चौदा मिनिटं, खिडकीतून बाहेर बघणं अकरा, कोट घालणं चार, बोलणं नऊ. उरलेला वेळ पाऊस. तपास अधिकाऱ्याची बायको त्याला सोडून गेलेली असते, मुलगा त्याच्याशी बोलत नाही, आणि याच कारणाने तो आपल्या कामात इतका निष्णात असतो. आपलं घर मात्र अजून फारच बोलकं आहे, याची मुकुंदरावांना खंत वाटू लागली.

दोष अर्थातच तारामतीबाईंचा. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली तरी त्या नवऱ्याशी बोलत असत. मुकुंदरावांनी घरात सुधारणा सुरू केली. "अहो, भाजी कुठली करू?" असं विचारलं की ते खिडकीशी जाऊन अकरा सेकंद बाहेर बघत, आणि मग हळूच म्हणत, "माहीत नाही." मालिका चालू असताना त्या पुढ्यात आल्या की तळहात वर करत. दीड-दोन महिन्यांत परिणाम दिसला. तारामतीबाईंनी बोलणं बंद केलं. ताट वाढायचं, निघून जायचं. एवढ्या थोड्या काळात बायकोने गाठलेली ही कलात्मक उंची बघून मुकुंदराव मनातून सुखावले.

त्यानंतर घरात रहस्य निर्माण झालं.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी साडेतीनला तारामतीबाई बाहेर जाऊ लागल्या. मुकुंदरावांनी तपास हाती घेतला आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पुरावे मांडले. तांदळाच्या डब्यामागे निळी फाइल. (उघडली नाही, दुसऱ्या भागात फाइल उघडणारा अधिकारी नेहमी फसतो.) रितेश ऑफिसच्या वेळेत गाडी घेऊन येतो, खालून हॉर्न देतो, वर येत नाही. भांडी घासताना सिनेमाची गाणी म्हणणारी कामवाली गंगू आता देवाची गाणी म्हणते. मध्ये दोन दिवस तारामतीबाई कुकटपल्लीला राहून आल्या, आणि आल्या तेव्हा गळ्याशी पांढरी पट्टी होती. त्या पट्टीपुढे मुकुंदरावांनी टीप लिहिली : 'वेशभूषा उत्तम.'

नामदेवराव एकदा कॅलेंडरासमोर बराच वेळ उभे राहिले.

"मुकुंदराव, हौला झालास का रे, डोकं फिरलं का? वहिनींना सरळ विचार ना."

"सरळ विचारलं तर पहिल्याच भागात संपतं."

"मग संपू दे की!"

"नामदेवराव," मुकुंदराव पडद्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही अजून जाहिरातींतून बाहेर आला नाहीत."

असे पाच आठवडे गेले. सहाव्या आठवड्यातल्या शुक्रवारी अध्यक्षांनी बैठक तहकूब केली, ओव्हरकोट चढवला आणि रितेशच्या गाडीमागे रिक्षा लावली. बाहेर बेचाळीस डिग्री होतं. गाडी जामबागकडे वळली आणि एका दवाखान्यापाशी थांबली. मुकुंदराव आत शिरून मागच्या बाकावर बसले आणि त्यांनी कॉलर कानांपर्यंत ओढली. वॉचमन तडक त्यांच्याकडे आला.

"साब, थंडी बज रई क्या? बुखारवाले डॉक्टर उधर बैठते."

तेवढ्यात समोरच्या दारातून तारामतीबाई आणि पल्लवी बाहेर आल्या. तारामतीबाईंच्या हातात निळी फाइल होती. नवऱ्याला बघून त्या थांबल्या.

"तुम्ही? आज भाग नाही का?"

मुकुंदरावांनी पाच आठवडे मनात घोळवलेला प्रश्न विचारला. "काय चाललंय हे?"

"गळ्याला गाठ आली होती. आधी सुई घालून तपासली, मग काढली. आता पट्टी बदलायला येते. आज रिपोर्ट होता."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"दोनदा सांगितलं," तारामतीबाई शांतपणे म्हणाल्या. "पहिल्यांदा सांगितलं तेव्हा गाडी पुलावर होती. तुम्ही म्हणालात, थांब, आता काहीतरी होणार आहे. दुसऱ्यांदा तो माणूस खिडकीतून बघत होता. तुम्हीपण बघत होता."

"मी काय म्हणालो?"

"हूं म्हणालात."

पल्लवीचा चेहरा पडला. "चूक माझी आहे बाबा. मीच लावून दिली ती मालिका."

"तुझी कसली चूक?" तारामतीबाई म्हणाल्या. "आधी ते पेपर वाचायचे."

मुकुंदराव पुन्हा बाकावर बसले. गुन्हेगार सापडला होता, सगळे पुरावे जुळत होते, पण तपास अधिकाऱ्याला यावेळी खिडकीतून बाहेर बघावंसं वाटेना. त्यांनी कोटाची बटणं काढली. एक बटण निघता निघेना, तेव्हा तारामतीबाईंनी वाकून ते काढून दिलं.

"दुखतं का गं?" मुकुंदरावांनी विचारलं.

"तेव्हा दुखत होतं," तारामतीबाई म्हणाल्या, आणि फाइल त्यांच्या मांडीवर ठेवून पल्लवीबरोबर औषधं घ्यायला गेल्या.

घरी येताच मुकुंदराव खालच्या मजल्यावर गेले. नामदेवराव दारातच होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. एकनाथरावालासुद्धा."

"मग बोलला का नाहीत?"

"चौथा नियम मियाँ, तूच केलेला."

दुसऱ्या दिवशी मुकुंदरावांनी प्रकृतीच्या कारणास्तव अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. (कोणाच्या प्रकृतीच्या, हे पत्रात नमूद नव्हतं.) नामदेवरावांनी सूत्रं हाती घेऊन पहिल्याच बैठकीत दुसरा, भजीबंदीचा नियम रद्द केला, आणि मंडळाची सदस्यसंख्या नऊवर गेली. मंगळवारी आणि शुक्रवारी आता मुकुंदराव बायकोबरोबर जामबागला जातात. परत येताना रिक्षात तारामतीबाई त्यांना बीदरच्या चुलतबहिणीच्या सुनेची हकीकत सांगतात. ती गेल्या तीन आठवड्यांपासून चालू आहे आणि सून अजून घराबाहेर पडलेली नाही. मुकुंदराव मध्ये मध्ये "मग?" असं विचारतात. सुरुवातीला त्यांना ते जड गेलं. पण तारामतीबाई उत्तर येईपर्यंत थांबत, तेव्हा इलाज नव्हता.

प्रकरण इथे बंद होतं. गुन्हेगार कोण हे चाणाक्ष वाचकांनी फार आधीच ओळखलं असेल. पट्टीपाशी तर खात्रीच पटली असेल. मुकुंदरावांसारखे नवरे कसे असतात, यावर त्यांनी मनातल्या मनात दोन शब्द सुनावलेही असतील, आणि आपल्या ओळखीतलं एखादं नाव त्यांना आठवलंही असेल. या सगळ्याबद्दल त्यांचं अभिनंदन. मात्र दवाखान्याच्या दारातून तारामतीबाई हातात रिपोर्ट घेऊन बाहेर आल्या त्याला आता बराच वेळ झाला. त्यानंतर बटण निघालं, राजीनामा झाला, भजी आली, बीदरची सून आली. गाठ कसली निघाली, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

साधी निघाली. विचारल्याबद्दल आभार.