शेंगदाण्याच्या सूपमधली आई

वारल्यानंतर सातव्या दिवशी लिनआजी आपल्या शेंगदाण्याच्या गोड सूपच्या पातेल्यात राहायला आल्या. ताइनान शहराच्या रात्रबाजारात त्यांची गाडी चाळीस वर्षं एकाच जागी लागत होती, त्यामुळे पत्ता शोधायला त्रास पडला नाही.

मुलगी शूफेन डाव फिरवत होती. पातेल्यातून आवाज आला, "आच कमी कर. दाणे फुटतायत."

शूफेनने आच कमी केली आणि मग तिला रडू आलं. आजारपणात चार वर्षं तिने आईला भरवलं, न्हाऊ घातलं आणि नेमकी शेवटच्या दुपारी ती औषध आणायला गेली होती. बोलायचं राहून गेलं होतं.

"आई, मी आहे गं."

"कळतंय ते. जिएहाव आला का?"

जिएहाव हा धाकटा. तो कॅनडात होता. अंत्यविधीला त्याने फुलांचं मोठं चक्र पाठवलं होतं.

दुसऱ्या संध्याकाळी बाजार समितीचे कारकून होंग आले. "मयत व्यक्तीने पातेल्यात राहायला समितीची हरकत नाही," ते म्हणाले. "फक्त झाकण घट्ट लावू नका. आजी, गाडी कोणाच्या नावावर करायची?"

"जिएहावच्या."

होंगनी शूफेनकडे पाहिलं. "आणि या?"

"ती काय, आहेच इथे."

पुढचे चार महिने गिऱ्हाईकं दुप्पट झाली. शूफेन पातेलं कधी तळापर्यंत रिकामं होऊ देत नसे. आजी एकेकाला गुडघेदुखीबद्दल विचारायच्या, सुनेच्या बाळंतपणाची चौकशी करायच्या. लोक वाफेवर वाकून तासन्‌तास बोलत. शूफेनशी त्या आचेपुरतं बोलत.

वसंतात जिएहाव आला. त्याने दोन चमचे खाऊन वाटी ठेवली. "फारच गोड आहे."

"किती वाळलास रे!" आजींचा आवाज कापत होता.

त्याने गाडीची जागा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला द्यायचं आधीच ठरवलं होतं. "ताई, तू तरी किती वर्षं उभी राहणार? आराम कर आता."

"आणि आई?"

"आई समजून घेईल."

"त्याला कळतं सगळं," आजी म्हणाल्या.

महिनाअखेरीस होंग पातेलं रिकामं झाल्याची खात्री करायला आले. बाजार ऐन भरात होता. शूफेनने उरलेलं सूप वाटीत ओतलं आणि ती आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली.

"आई, मी खाते आता."

"खा. पण जिएहावसाठी थोडं ठेव."

शूफेनने सगळं संपवलं. दाणे जिभेवर विरघळत होते. तिने घाई केली नाही.

"शेवटी काही म्हणाल्या का?" होंगनी कागद पुढे ओढत विचारलं. "इथे एक रकाना आहे."

"माझी आठवण काढली," शूफेन म्हणाली आणि तिने पातेलं घासायला घेतलं.