आळशी पानं

वजीरच्या हापूसच्या कलमाला यंदा कैऱ्यांचे घोस लागले आणि मधल्या दगडी गडग्याअलीकडच्या धाकूच्या कलमाला एकही नाही, हे धाकू कसंबसं गिळत होता. दोघांनी कलमं एकाच दिवशी, एकाच रोपवाटिकेतून आणलेली. पण शेतकी कॉलेजातली तेजस्वी वजीरच्या झाडाच्या पानांना चिमट्यासारखं यंत्र लावून मोजमापं घ्यायला आली, तेव्हा मात्र धाकूच्या पोटात दुखायला लागलं.

वजीरने गडग्यावर रेलून त्याला सगळं समजावलं. वाढतं फळ सारखं खायला मागतं, म्हणून जवळची पानं उन्हात जास्त राबतात. फळच नसलं की ती आळसावतात. तेजस्वी जाताजाता धाकूला म्हणाली, उद्या तुमचंही कलम मोजते, कॉलेजच्या पुस्तिकेत नाव छापू. धाकू हरखला आणि लगेच घाबरला. वजीरची पानं कष्टाळू आणि आपली आळशी, असं छापून आलं तर गावात तोंड दाखवायची सोय नव्हती.

"सुरय्याकडनं धा कैऱ्या आण. लोणच्याला म्हणून सांग," तो बायकोला, मालनला म्हणाला.

सुरय्याचा, म्हणजे वजीरच्या बायकोचा, हात सढळ. तिने पंधरा दिल्या. धाकूने त्या हिरव्या दोऱ्याने फांद्यांना बांधल्या.

"माणसं फसतील ओ, पानं कशी फसायची?" मालन म्हणाली. धाकूने ऐकलं नाही.

सकाळी तेजस्वीने चिमटा लावला. पानाच्या कामाचा आकडा अगदीच खाली. तिने यंत्र पुसलं, दुसरं पान धरलं, तेही तसंच. शेवटी तिने पेटी बंद केली.

"काल पलीकडून एकही फळ दिसलं नव्हतं, म्हणून आले होते काका. तुलनेला मला बिनफळाचंच कलम हवं होतं. आता तुमचं नाव नाही घेता येणार."

धाकूने क्षणभर गडग्याकडे पाहिलं. वजीर तिथे उभाच होता. मग धाकूने एक कैरी ओढली. दोऱ्यासकट हातात आली. दुसरी ओढली.

"माज्या झाडाला एकसुद्धा नाय," तो छाती काढून म्हणाला. "मालनला विचारा."

"मोहोरच धरला नाय," मालनने ठासून सांगितलं.

तेजस्वी हसली आणि तिने वहीत धाकूचं पूर्ण नाव लिहून घेतलं, वडिलांच्या नावासकट. वजीर बराच वेळ आपल्या लगडलेल्या कलमाकडे नाखुशीने बघत राहिला.

"बाई," तो शेवटी म्हणाला, "माजं मागलं कलम बघितलंव? त्याला तर पालवीपण धड नाय."