बैलाला तोंड हवं

हेरंबरावांच्या चित्रातल्या बैलाला शिंगं होती, वशिंड होतं, खूर होते, मानेवर जोखडही होतं. फक्त तोंड नव्हतं. नंदेसरीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर इतरांना तंबाखू लागते तशी त्यांना पेन्सिल लागली होती. रविवारी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये चित्रांचं प्रदर्शन होतं. नांगरणी बघायला ते मुद्दाम करजणला जाऊन आले, तर तिथे जो तो ट्रॅक्टरवर! एक बैलजोडी दिसली, पण ती सारखी पुढे आणि हे मागे.

"मागून छान जमलाय," निरुपमाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "तसाच टांगा."

शनिवारी दत्ताजीराव सुभानपुऱ्याला त्यांच्या घरी जेवायला आले. त्यांच्या मुलाशी, निहारशी, हेरंबरावांच्या लेकीचं, देवश्रीचं जमत आलं होतं. फक्त दत्ताजीरावांचा होकार अडला होता. आमरस ओरपून ते झोपाळ्यावर टेकले. तोंडात पान, डोळे अर्धे मिटलेले, जबडा संथ हलतोय. हेरंबरावांना राहवेना. त्यांनी हळूच कागद पुढे ओढला.

पाहुणे गेल्यावर निरुपमाबाईंनी चित्र पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, हे तर व्याही! लेकीचं लग्न मोडणार तुम्ही!"

"कोण ओळखतंय? शिंगं आहेत ना!"

रविवारी प्रदर्शनात पहिल्याच बघ्याने ओळखलं. "अरे, आ तो दत्ताजीराव!" हॉलमध्ये हशा पिकला. घाबरलेल्या हेरंबरावांनी रबराने गालफडं पुसली, तर हनुवटी जास्तच उठून दिसली. नाकात वेसण घातली, तर ती मिशीसारखी दिसली आणि उरलीसुरली शंकाही मिटली. तेवढ्यात दत्ताजीराव आत आले.

ते थेट चित्रापुढे येऊन उभे राहिले. देवश्री रडायच्या बेतात आली.

"कल्पनेतला बैल आहे हो," हेरंबराव पुटपुटले.

"रोज दाढी करतो मी. तोंड पाठ आहे मला."

"लग्नाचं मात्र..."

"लग्नाचं नंतर. आधी ही चूक बघा. जोखडाला बैल दोन लागतात. मी एकट्यानेच ओढू की काय?" दत्ताजीरावांनी जोखडाच्या रिकाम्या बाजूवर बोट ठेवलं. "व्याही व्हायचंय ना? मग इथे तुमचं तोंड काढा. चालो, बसा! सगळ्यांसमोर."

हेरंबरावांनी आशेने बायकोकडे पाहिलं. निरुपमाबाईंनी पर्समधला आरसा काढून त्यांच्यापुढे धरला.

"नीट काढा हं," त्या म्हणाल्या. "लेकीच्या लग्नाचा प्रश्न आहे."