चष्म्याचे दुकानी किट बसविले ती मोहीम

दूरचे पाहणाऱ्या आणि जवळचे पाहणाऱ्या समस्त मंडळींस कळावे की, चष्म्याचे दुकानी नवा संगणक आला आणि त्यावर थोरल्या साहेबांचा प्रोग्राम चालता करणे प्राप्त जाहले, ते समयी नऊ दिवस जे रण माजले त्याचे वर्तमान कोणी लिहून ठेविले नाही. पुढे जो तो म्हणेल की आपणच जिंकलो. सबब जे पाहिले, ऐकिले, ते येथे लिहिले आहे. अक्षर वेडेवाकडे असेल. मजकूर सरळ आहे.

मूळ कारण ऐसे. दुकानचे धनी थोरले साहेब, काचेच्या विद्येत बहुत प्रवीण. ग्राहकाचा नंबर सांगावा आणि काच कोणत्या वळणाने घासावी हे संगणकाने सांगावे, ऐसा प्रोग्राम त्यांनी स्वहस्ते रचिला होता. ते निवर्तले त्यास तीन वर्षे जाहली. मागे गादीवर त्यांचे बंधू धाकटे साहेब, डोळे तपासण्यात निष्णात परंतु गणितात कच्चे. पुढच्या टेबलामागे वहिनीसाहेब, थोरल्यांच्या पत्नी. आणि परमुलुखी नोकरीस असलेली थोरल्यांची कन्या, जिचा पेशाच प्रोग्राम लिहिणे, ती फोनवरून कुमक पाठवी.

जुना संगणक सोमवारी निमूटपणे गतप्राण जाहला, आणि बुधवारी समोरच्या घड्याळजींचा चष्मा पायरीवर पडून फुटला. घड्याळजींचे डोळे म्हणजे दोन भिन्न राज्ये: उजवा चार बोटांवरची केसाएवढी स्प्रिंग पाहणारा, डावा रस्त्यापलीकडचे पाहणारा. त्यांच्या काचेचे गणित त्या प्रोग्रामाखेरीज कोणास ठावे नव्हते. धाकट्या साहेबांनी अंदाजपंचे एक जोड घासून दिला, त्यात घड्याळजींस एका चिमट्याचे दोन दिसू लागले. मग ते पत्नीचा चष्मा लावून कामास बसले आणि एका गजराच्या घड्याळास दोन्ही मिनिटकाटेच बसवून मोकळे जाहले. त्या दिवसापासून त्यांनी नवे काम घेणे बंद केले आणि रोज येऊन दुकानातील बाकावर बसू लागले.

“साहेब, डोळ्यांचं एक वेळ सोडा,” ते म्हणाले, “हात विसरायला लागलेत माझे. काल स्क्रू उलटा फिरवत होतो, कळलंही नाही.”

हे ऐकून धाकट्या साहेबांस बहुत वाईट वाटले आणि त्यांनी भर दुकानात प्रतिज्ञा केली की, पुढील शुक्रवार मावळण्याच्या आत चष्मा देईन, न देईन तर दुकानची पाटी उतरवीन. वहिनीसाहेब म्हणाल्या, “भावजी, पाटी गंजून भिंतीला चिकटलीय. ती उतरायची नाही. चष्म्याचंच बघा.”

मग मोहीम सुरू जाहली. चष्म्याच्या स्क्रूंच्या डबीत थोरल्यांचा पेन ड्राइव्ह सापडला आणि जणू किल्ल्याची किल्लीच हाती आली ऐसा आनंद जाहला. कन्येने कळविले की प्रोग्राम ज्या भाषेत लिहिला ती संगणकास समजावी म्हणून एक तर रनटाइम बसवावे लागते, नाही तर डेव्हलपमेंट किट. धाकट्या साहेबांनी दोहोंचा आकार पाहिला आणि फर्मान काढिले की लहान असेल ते आणावे, उगाच बडेजाव नको. रनटाइम आले, स्थानापन्न जाहले, आणि काहीएक घडले नाही. फाइल उघडली तो नुसत्या ओळीच ओळी. मग परमुलुखी फोन लाविला.

“काका, रनटाइम म्हणजे तयार चष्मा. नुसता घालायचा. चालणारा प्रोग्राम जुन्या मशीनबरोबर गेला. पेन ड्राइव्हवर बाबांनी लिहिलेल्या ओळी आहेत, म्हणजे कोरी काच. ती घासायला हत्यारं नकोत का? किट घ्या.”

“मग आधी का नाही सांगितलंस?”

“दोनदा सांगितलं. तुम्ही ‘बरं बरं’ म्हणालात.”

हा शेवटला मजकूर धाकट्या साहेबांच्या हुकुमाने वगळावयाचा होता, तो नजरचुकीने राहिला.

पुढे किटाच्या बाजारात स्वारी दाखल जाहली तो काय आश्चर्य! भाषा एकच, परंतु तिचे किट सात कंपन्यांच्या छावण्यांतून मिळे आणि प्रत्येक छावणी म्हणे अस्सल आपलेच. त्यात पुन्हा आवृत्त्या विसांवर. काही अल्पायुषी, काही दीर्घकाळ सांभाळण्याचे वचन असलेल्या. धाकट्या साहेबांनी विचार केला की सर्वांत मोठा आकडा तोच सर्वांत शहाणा, आणि सर्वांत नवे किट बसविले. मग थोरल्यांच्या ओळी त्यापुढे पेश केल्या. किटाने तांबड्या अक्षरांत एकेचाळीस हरकती घेतल्या.

येथे दुकानचा दस्तूर सांगणे अवश्य. डोळे तपासताना ग्राहकाच्या नाकावर एक लोखंडी चौकट चढवितात, तीत एक भिंग घालतात, ते न काढता त्यावर दुसरे, त्यावर तिसरे, आणि दर वेळी पुसतात, “आता बरं की मघाशी बरं?” धाकट्या साहेबांची तीस वर्षे या एका प्रश्नात गेली होती. त्यांनी संगणकासही तेच लाविले. नव्या किटावर त्याहून जुने बसविले, त्यावर आणखी जुने, मग दुसऱ्या छावणीचे, मग तिसऱ्या. मागले एकही काढिले नाही. संगणकाने कोणाकोणास कामास बोलवावे याची जी यादी असते तीत प्रत्येक नवा मानकरी शेवटास लिहिला, आणि दर वेळी पडद्याकडे पाहून म्हणाले, “आता बरं?” दर वेळी हरकती एकेचाळीस. एक कमी नाही, एक अधिक नाही.

ऐसे गुरुवारपर्यंत नऊ किटे जाहली. धाकटे साहेब तीन दिवस खुर्चीस टेकले नव्हते. घड्याळजी बाकावर बसून रिकाम्या बोटांनी हवेतच काहीसे फिरवीत, ते पाहवत नसे.

शुक्रवारी सकाळी कन्येने फर्माविले की, जबाब देतो कोण ते संगणकासच पुसावे. पुसले. नऊ जणांतून सर्वांत पहिला, सर्वांत नवा, तोच अजून दारात उभा. मागल्या आठांपर्यंत कोणी पोचलेच नव्हते.

“काका, किती बसवलीत?”

“मोजली नाहीत.”

“अहो, यादीत पहिला असेल त्यालाच मशीन विचारतं!”

धाकटे साहेब आता बोटांवर मोजू लागले. तेव्हा वहिनीसाहेब टेबलामागून उठल्या. “भावजी, भिंगावर भिंग तुमचे दादाही चढवायचे,” त्या म्हणाल्या, “पण शेवटी चौकट रिकामी करायचे. मग एकच घालायचे.” आणि मग त्यांनी चष्मा पुसून त्या ओळी प्रथमपासून वाचावयास घेतल्या. इतके दिवस सर्वांनी हरकतीच वाचिल्या होत्या. पतीचे पत्र वाचावे तैसे वरून खाली कोणी वाचिले नव्हते. अगदी माथ्यावर, जी ओळ संगणक वाचीत नाही आणि माणसाने वाचावी म्हणूनच लिहितात, तेथे थोरल्यांनी लिहिले होते: आवृत्ती आठ. खिडक्यांसकट मिळते ती घेणे. नवी लावू नये, डोळे दुखतील.

कन्येने ती ओळ फोनवरून पुन्हा वाचावयास लाविली. मग म्हणाली, “बरोबर आहे. पडद्यावर खिडक्या उघडायचं सामान पुढच्या आवृत्त्यांतून काढून टाकलंय. हरकती त्याच्याच. आई, मी हे आधी बघायला हवं होतं.”

“तू काय नि काका काय,” वहिनीसाहेब म्हणाल्या, “घाई सारखीच.”

मग हुकूम सुटला आणि नऊच्या नऊ किटांची हकालपट्टी जाहली, आधीचे रनटाइमही गेले, यादी पुसून स्वच्छ केली आणि एकटी आठवी आवृत्ती, खिडक्यांसकट, मानाने आत आणिली. थोरल्यांच्या ओळी पेश केल्या. हरकत एकही नाही. पडद्यावर खिडकी उघडली आणि तीत थोरल्यांचे शब्द आले: आधी बसा. मग नंबर सांगा.

“बसा म्हणताहेत,” वहिनीसाहेब हळूच म्हणाल्या, आणि स्वतः बसल्या. धाकटे साहेबही बसले. मग त्यांनी दोन्ही राज्यांचे नंबर सांगितले, प्रोग्रामाने वळण सांगितले, आणि दुपारभर घासणीच्या चाकाचा आवाज दुकानात घुमत राहिला.

सायंकाळी चष्मा घड्याळजींच्या नाकावर चढला. धाकट्या साहेबांनी सवयीने पुसले, “आता बरं की मघाशी?” घड्याळजींनी आधी खिशातून चिमटा काढून पाहिला; एकच होता. मग मान वर करून बाकामागच्या भिंतीकडे पाहिले आणि कपाळास आठी घातली.

“तुमचं हे घड्याळ बारा मिनिटं मागे आहे,” ते म्हणाले. “नऊ दिवस याच्या खाली बसलो होतो मी? काढा ते. माझ्याकडे द्या.”

येणेप्रमाणे शुक्रवारी सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी फत्ते जाहली, पाटी जागेवर राहिली, ऐसे प्रथम येथे लिहिले होते. ते खोडून पाच वाजून बावीस मिनिटे केले आहे. खोडलेले आणि लिहिलेले, दोन्ही घड्याळजींनी आपल्या डोळ्यांनी वाचून मान्य केले.