चार आण्यांचं पोहणं

माणसाचं शरीर पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं (छाती भरून श्वास घेतला असेल तर), हे शास्त्राने सिद्ध केलेलं आहे. ते बुडतं, ते केवळ संघटनेच्या अभावी.

हा अभाव दूर करण्यासाठी १९९८च्या पावसाळ्यात, पेठेतल्या कुंडलिकभाऊंच्या विहिरीवर प्रौढ जलतरण प्रशिक्षण मंडळ स्थापन झालं. पहिल्याच महिन्यात एकवीस सभासद मिळाले. त्यांपैकी नऊ जण पाण्यात उतरले. उरलेल्या बारांनी, नुसती वर्गणी भरूनच अंग हलकं वाटू लागल्याचं मंडळाला कळवलं.

या नऊ जणांत चांगदेव होता. दूध संस्थेत फॅट मोजायचा, वय बेचाळीस. लहानपणी सगळी पोरं विहिरीत ढकलली गेली, तेव्हा हा कडब्याच्या गंजीमागे लपला होता. तेवढी एक चूक महागात पडली. धरण भरलं, जुना रस्ता पाण्याखाली गेला, आणि पलीकडे थोरल्या मुलाकडे राहणारी त्याची आई, कुशाबाई, होडीशिवाय भेटेनाशी झाली. होडीच्या भीतीने चांगदेव चार वर्षं तिकडे फिरकला नव्हता. आईने निरोप धाडला होता, "औंदा दिवाळीला आला न्हाईस, तर मला आई म्हनू नगंस."

म्हणून त्याने फी भरली. प्रवेश पन्नास रुपये. वर्गणी दरमहा साठ. पण ती चार आणे विहिरीची. विहीर चार भावांत वाटलेली, आणि कुंडलिकभाऊ अध्यक्ष असले तरी मालक फक्त पूर्वेकडच्या पाव हिश्श्याचे. सभासदाने तेवढ्यातच पोहायचं. पाण्याला वाटणीपत्र वाचता येत नसल्याने हद्दीवर सुतळी बांधलेली होती. पायऱ्या धाकट्या दादाभाऊंच्या हिश्श्यात, सबब उतरण्याचे दहा रुपये वेगळे. (चढायचे पैसे नव्हते. वर येणाऱ्याला अडवू नये, असं दादाभाऊंचं तत्त्व होतं. पुढच्या महिन्यात त्यांनी ते सुधारून घेतलं.) पाठीला बांधायच्या तेलाच्या रिकाम्या डब्याचं भाडं पंधरा, डबा रिकामा आहे की नाही, हे सभासदाने आपल्या जबाबदारीवर पाहावं.

दुसऱ्याच दिवशी डबा सुटला आणि चांगदेव गटांगळ्या खात सुतळीपलीकडे गेला.

"ओ चांगदेवभाऊ, पाय आमच्यात आला तुमचा!" काठावरून दादाभाऊ ओरडले.

"बुडतोय राव मी!"

"बुडा की. आमी कुठं नाय म्हनतोय? पन तुमच्या हिश्श्यात बुडा."

अशा शिस्तीत माणूस शिकतोच. दसऱ्यापर्यंत चांगदेव सराईत झाला. चार हात मारायचे, सुतळी आली की डावीकडे वळायचं, पुन्हा चार हात. मंडळाने त्याला शिक्क्यासह दाखला दिला: 'सदर इसमास चार आणे पोहता येते.' सोळा आण्यांच्या दाखल्यावर चारही भावांच्या सह्या लागत. भाऊ एकमेकांची तोंडं बघत नसल्याने तो दाखला आजवर निघालेला नाही.

दिवाळीच्या आदल्या दिवशी दाखला खिशात घालून चांगदेव धरणाच्या काठी उभा राहिला. समोर पाणीच पाणी. सुतळी कुठेच नव्हती.

"यातले पूर्वेचे चार आणे कुठवर येतात?" त्याने नावाड्याला विचारलं.

"सगळं सरकारचं हाय, पावणं. बसताय का सोडू?"

चांगदेवने दाखला पुन्हा वाचला. होडी उलटलीच तर चार हात मारून डावीकडे वळायचं, आणि पुन्हा जिथल्या तिथे. तो बसला नाही. होडी गेली.

तासाभराने ती परत आली. पुढच्या फळीवर कुशाबाई बसली होती, मांडीवर करंज्यांचा डबा.

"वाटलंच मला," ती उतरत म्हणाली. "काठापतुर तरी आलास, लई झालं."

"आई, तुला पोहता येतं?"

"मला कुठलं येतंय? होडी पवती. मी नुस्ती बसती."

ही हकिगत पसरल्यावर मंडळाकडे चौकशीची रीघ लागली. आई भेटली का, हे कोणी विचारलं नाही. चार आण्यांना किती पडतात, हे सगळ्यांनी विचारलं. सुज्ञ वाचक अर्थातच तसे नाहीत. तरी खात्रीसाठी, वर न पाहता, तिच्या थोरल्या मुलाचं नाव सांगावं. नाही आठवत? दिलेलंच नव्हतं, आणि ते तुमच्या ध्यानातही आलं नाही. पायऱ्या उतरायचे दहा रुपये मात्र चांगले ध्यानात आहेत. आपला अर्ज मंजूर झाला आहे.