डोमाजीकाकांच्या वडिलांच्या बांगड्या

बाबांचा शेवटचा साधा दिवस पिपरी मेघेच्या घरात तुरीच्या शेंगा सोलण्यात गेला. सोलता सोलता ते म्हणाले, "या अखाजीले अल्लीपूरले चल. माह्या आईची समाधी दाखवून ठेवतो तुले."

"दाखवायला कशाला हवी? जुने दगड कसे ओळखायचे, यावर मी दोन पुस्तकं वाचली आहेत!"

"मंग ठीक हाय," म्हणत त्यांनी सोललेले दाणे माझ्यापुढे सरकवले.

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली तेव्हा बाबा नव्हते. त्यांच्या आईच्या दगडाला आंघोळ आणि नैवेद्य, यात त्यांनी चाळीस वर्षं खंड पडू दिला नव्हता. तो माझ्यामुळे पडायला नको, म्हणून मी एकटीच अल्लीपूरच्या शेतावर पोचले.

आमच्यात जाळत नाहीत, माती देतात. आमच्या आणि शेजारच्या डोमाजीकाकांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे मधल्या बांधावर, एकाच कडुनिंबाखाली दोन्ही घरांचे दगड. नाव एकावरही नाही! एका बुटक्या दगडावर बसून मी निरीक्षण केलं. समोरच्या दगडावर कोरलेली पावलं अगदी नाजूक. म्हणजे बाई. म्हणजे आजी!

साबण नाही, तारेची घासणी नाही. नुसतं पाणी आणि मऊ ब्रश. बसल्या जागेवरूनच, तान्ह्या बाळाला घालावं तसं मी त्या दगडाला दोन तास न्हाऊ घातलं. आजी सवाष्ण गेलेली, म्हणून हळद-कुंकू लावलं, खण पांघरला, हिरव्या बांगड्या ठेवल्या, पुरणपोळीचं ताट वाढलं.

तेवढ्यात मागून किंकाळी!

"अवं माय! आमच्या सासऱ्याले बांगड्या काऊन भरून राह्यली?"

डोमाजीकाकांच्या देवकाकाकू!

"सासरे? पण पावलं किती लहान आहेत, काकू!"

"लहानच होते त्याइचे पाय. पोराइच्या चपला घालत!"

काका धावत आले. कुंकू लावलेल्या वडिलांकडे बघतच राहिले.

"काढते, काढते!" मी खणाला हात घातला.

"थांब! ताट वाढलं ना? जेवत्या माणसाले उठवत नाई." मग दगडाकडे वाकून, "बाबूजी, संध्याकाळलोक बांगड्या सांभाळा!"

मी मटकन बुटक्या दगडावर बसले. "मग माझी आजी कुठे?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. काका म्हणाले, "जिच्यावर बसली, तेच."

विंचू डसल्यासारखी मी उडाले! दोन तास मी आजीवर बसले होते. बादलीसुद्धा तिच्याच अंगावर टेकवलेली. मला रडूच फुटलं.

"रडतं काऊन, पोरी? नात आजीच्या मांडीवर नाई बसन तं कोणाच्या?" काकूंनी तांब्या माझ्या हातात दिला. "तुझा बाबा पाणी टाकता टाकता वर्षाचं सारं सांगे तिले. सांग."

मी पाणी घातलं. तूर बरी झाली, सांगितलं. भावाची, नीलेशची, बदली झाली, सांगितलं. पुढे जीभ उचलेना. चार महिने कोणाचाही फोन आला की मी तो नीलेशच्या हातात देत होते. ते दोन शब्द त्यानेच सगळ्यांना सांगितले होते.

मी तांब्या पुन्हा भरून घेतला.

"आजी," मी म्हटलं, "बाबा गेले."