वरची पट्टी

"पंधरा दिवस आहेत आणि गाणं एकच आहे. जमणार असेल तर आत्ताच हो म्हणा, नाहीतर मी ड्रॉइंगच्या सरांना सांगते," बायको म्हणाली आणि तक्तेसाहेब जेवता जेवता ताठ झाले.

ड्रॉइंगचे सर हे तक्तेसाहेबांचं जुनं दुखणं होतं. बायको शाळेत गणित शिकवायची आणि वार्षिक समारंभात दरवर्षी एक गाणं म्हणायची. तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसून ड्रॉइंगचे सर की-बोर्ड वाजवायचे आणि तक्तेसाहेब समोर बसून टाळ्या वाजवायचे. नंतर कोणीतरी हमखास म्हणायचं, "काय जोडी जमलीय!" हे गाण्याबद्दल आहे हे त्यांना कळत नव्हतं असं नाही, पण पोटात दुखायचं ते दुखायचंच. त्या खुर्चीसाठी तर त्यांनी आठ महिन्यांपूर्वी माउथ ऑर्गनची शिकवणी लावली होती.

"सरांना कशाला त्रास? मी आहे ना," ते म्हणाले.

"मग एकदा पट्टी जुळवून बघू या."

"काही गरज नाही. गाणाऱ्याची पट्टी वाजवणाऱ्याला कानानेच कळते."

बायकोने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि ताटं उचलली.

तक्तेसाहेब पंप बनवणाऱ्या कारखान्यात खरेदी विभागाचे प्रमुख होते. टाचणी घ्यायची असली तरी तीन नमुने, तीन दर आणि त्यांचा तुलनात्मक तक्ता केल्याशिवाय ते सही करत नसत. त्यावरून कारखान्याने त्यांना हे नाव दिलं होतं. आग विझवायचं उपकरण कोणतं घ्यावं याचा तक्ता चालू असताना गोदामाचा एक कोपरा जळून गेला. चौकशीत निघालं, की तक्ता बिनचूक होता.

आठ महिन्यांत त्यांना दीड गाणं येऊ लागलं होतं. शिकवणारे मास्तर म्हणत, "रोज अर्धा तास फुंका, उरलेलं अर्धंही येईल." पण उरलेल्या अर्ध्याचा दोष वाद्याचा आहे, असं तक्तेसाहेबांचं ठाम मत होतं. त्यांच्याकडे होता मास्तरांनी दिलेला चोवीस भोकांचा जुना माउथ ऑर्गन. आता स्टेजवर बसायचं म्हणजे वाद्यही त्या तोलाचं हवं. त्यांनी त्याच दिवशी तक्ता आखायला घेतला. चौदा मॉडेलं, नऊ रकाने. भोकं किती, पट्ट्या पितळेच्या की स्टीलच्या, आतली फळी लाकडी की प्लॅस्टिकची, ओठाला गार लागतो का. सहा दिवस तक्ता भरण्यात गेले. त्या सहा दिवसांत त्यांनी एकदाही फुंकर मारली नाही.

सातव्या दिवशी ते वाद्यांच्या दुकानात गेले.

"या चौदापैकी पाच मला वाजवून बघायचेत," त्यांनी तक्ता काउंटरवर पसरला.

"साहेब, तोंडाचं वाद्य आहे. तोंड लावलं की घ्यावं लागतं," दुकानदार म्हणाला.

"नमुना तपासल्याशिवाय खरेदी होत नसते."

"तपासा की. हा भाता आहे ना." दुकानदाराने काउंटरखालून एक छोटा भाता काढला, एकेक माउथ ऑर्गन त्यावर बसवला आणि दाबला. पाचही मॉडेलं गोड वाजली. तक्तेसाहेबांना तर भात्याचा हेवाच वाटला.

"सगळेच चांगले वाजतायत," ते जरा नाराजीने म्हणाले.

"भात्यावर सगळेच चांगले वाजतात. पुढचं तोंडावर आहे." दुकानदाराने भाता खाली ठेवला. "बाईंच्या साथीला वाजवायचं म्हणताय. बाईंची पट्टी कुठली?"

"वरची," तक्तेसाहेब लगेच म्हणाले. बावीस वर्षांचा अनुभव होता.

"तशी नाही हो. गाण्याची पट्टी. पेटीवरची पांढरी एक, काळी एक, तसं काहीतरी."

"सगळ्या पट्ट्या असलेला नसतो का?"

"असतो ना, हा बटणवाला. त्यात सगळ्या आहेत. पण मग त्या वाजवणाऱ्यालाही याव्या लागतात."

बायकोला विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटात काम झालं असतं. पण 'कानानेच कळते' हे वाक्य आडवं आलं. बरं, ती घरात गातही नव्हती. सराव शाळेतच करायची, मोकळ्या तासाला. घरात तिचा आवाज फक्त बोलण्यातून निघत होता. तेव्हा बोलण्यातूनच पट्टी काढायची, असं तक्तेसाहेबांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं, फोन उशीखाली सरकवला आणि पलंगावर ठेवलेल्या तपासलेल्या पेपरांवर ओला टॉवेल पसरला. मग फार वेळ थांबावं लागलं नाही.

"अहो! हे काय? ओला टॉवेल पेपरांवर? बावीस वर्षं सांगतेय, बावीस वर्षं! कारखान्यात टाचणीचा तक्ता करता आणि घरात टॉवेलला दोरी सापडत नाही तुम्हाला?"

दुकानदाराने ते रेकॉर्डिंग डोळे मिटून तीनदा ऐकलं. दुकानातली दोन गिऱ्हाइकंही ऐकायला थांबली.

"काळी दोन," दुकानदार म्हणाला.

"नक्की?"

"'बावीस वर्षं'वर आवाज बघा, दोन्ही वेळा तिथेच लागलाय. जरासुद्धा हलत नाही. बाई फार सुरेल आहेत हो."

तक्तेसाहेबांना अभिमान वाटला. रीतीप्रमाणे त्यांनी काळी दोनमधले तीन वेगवेगळे नमुने घेतले. पुढचे पाच दिवस जेवणाच्या सुट्टीत गोदामात बसून त्यांनी तिन्हींची चाचणी घेतली, अहवाल लिहिला आणि त्यांतून दहा भोकांचा एक निवडला. समारंभाला दोन दिवस उरले होते.

शाळेत शिक्षकांच्या खोलीत तालीम ठरली. ड्रॉइंगचे सर की-बोर्ड झाकायला आले होते आणि ग्रंथपाल बाई चहा पीत बसल्या होत्या. बायकोने डोळे मिटून सुरुवात केली. तक्तेसाहेबांनी फुंकर मारली. ग्रंथपाल बाईंनी कप खाली ठेवला.

"थांबा, थांबा. ही कुठली पट्टी?" बायकोने विचारलं.

"तुझीच. काळी दोन."

"माझी पांढरी पाच आहे. लग्नाआधीपासून."

"शक्य नाही. माझ्याकडे पुरावा आहे."

इथे खरं तर माणसाने गप्प बसावं. पण पुराव्यानिशी बोलायची त्यांना नोकरीने सवय लावली होती. त्यांनी फोन काढला, आवाज पूर्ण मोठा केला आणि टेबलावर ठेवला. "बावीस वर्षं सांगतेय, बावीस वर्षं!" हे वाक्य शिक्षकांच्या खोलीतून थेट मैदानापर्यंत गेलं. ड्रॉइंगच्या सरांनी की-बोर्डवर एक सूर दाबून पाहिला.

"काळी दोनच आहे," ते हळूच म्हणाले. "साहेबांचं बरोबर आहे."

बायकोचा चेहरा लाल झाला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी खालच्या आवाजात बोलली. "म्हणजे टॉवेल मुद्दाम टाकला होता."

तक्तेसाहेबांनी माउथ ऑर्गन रुमालात गुंडाळला. आठ महिन्यांची खुर्ची दोन मिनिटांत गेली, हे त्यांना कळलं आणि खरंच फार वाईट वाटलं.

"सर, तुमच्या की-बोर्डमध्ये माउथ ऑर्गनचा आवाज असेल ना?" ग्रंथपाल बाईंनी मध्येच विचारलं.

होता. बायकोने क्षणभर विचार केला. "सर, तुम्ही पडद्यामागून वाजवा. आणि तुम्ही," ती नवऱ्याकडे वळली, "तुम्ही शेजारी बसा. तोंडाला लावा. फुंकू मात्र नका."

"मग मी कशाला?"

"खुर्चीवर बसायचंय ना? बसा."

गाणं उत्तम झालं. तक्तेसाहेबांनी न फुंकता डोळे मिटले, मान हलवली, एका जागी तर श्वासही घेतला. टाळ्या थांबेनात. "काय जोडी जमलीय!" कोणीतरी म्हणालं. लोकांनी त्यांना घेरून मॉडेल विचारलं आणि साहेब खुलले. लाकडी फळी, पितळी पट्ट्या, बटणाचे फायदे-तोटे, असं पाऊण तास चाललं. बायको मैत्रिणीला सांगत होती, "यांना वाद्याबद्दल सगळं माहीत आहे, वाद्य सोडून."

त्या घोळक्यात ग्रंथपाल बाईही होत्या. "मला शिकायचंय. एकच नाव सांगा," त्या म्हणाल्या. साहेबांनी तक्त्यातलं एक नाव सांगितलं. बाईंनी दुसऱ्या दिवशी तो माउथ ऑर्गन आणला, पांढरी पाचमधला, आणि शाळा सुटल्यावर पुस्तकांच्या कपाटांमध्ये बसून रोज अर्धा तास फुंकला.

पुढच्या समारंभात बायकोच्या शेजारच्या खुर्चीवर ग्रंथपाल बाई बसल्या होत्या. समोर तक्तेसाहेब आणि ड्रॉइंगचे सर एकमेकांना खेटून बसले होते. बाईंनी पहिला सूर लावला आणि सभागृह एकदम शांत झालं.

"मॉडेल मी निवडून दिलंय," तक्तेसाहेब सरांच्या कानात म्हणाले.

"फारच छान निवडलंत," सर म्हणाले. "आणि स्वतःसाठी कुठलं ठरवलंत?"

"तक्ता चालू आहे," तक्तेसाहेब म्हणाले. "एकवीस मॉडेलं झालीयत."